पोर्तबोऊला मुक्काम करावा का? : स्पेन-फ्रान्स सीमेवरील एका समुद्रकाठच्या गावाविषयी

सागरवेळ (धागाकर्ता)

कोस्ता ब्रावा या किनाऱ्याविषयी मराठीत जे वाचायला मिळते, ते बहुतेक कादाकेसची पांढरी घरे, फिगेरेसमधील चित्रकार साल्वादोर दालींचे संग्रहालय आणि बार्सिलोनाहून एका दिवसात उरकायच्या सहली यांच्यापुरते असते. त्याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, जिथे पिरेनीज पर्वताच्या शेवटच्या सोंडा थेट भूमध्य समुद्रात उतरतात, तिथे पोर्तबोऊ नावाचे हजार-बाराशे वस्तीचे गाव आहे. फ्रान्समधून किनाऱ्याने येणारे प्रवासी इथे गाडी बदलतात आणि पुढे निघून जातात. मी आणि माझी पत्नी मात्र ठरवून इथे मुक्कामाला राहिलो. इतरांनीही किमान एक रात्र इथे राहावे असे मला मनापासून वाटते, आणि त्याची कारणे सविस्तर मांडण्यासाठी हा धागा काढत आहे.

रेल्वे येण्यापूर्वी या उपसागराच्या काठी कोळ्यांच्या लहानशा वस्तीपलीकडे फारसे काही नव्हते. १८७८ मध्ये बार्सिलोनाकडून आलेला लोहमार्ग डोंगराखालच्या किलोमीटरभर लांबीच्या बोगद्यातून फ्रान्सच्या मार्गाला जोडला गेला, आणि बोगद्याच्या अलीकडे पोर्तबोऊ तर पलीकडे सेर्बेर अशी दोन सीमास्थानके उभी राहिली. स्पेनचे रूळ फ्रान्सच्या रुळांपेक्षा रुंद असल्यामुळे एका देशाची गाडी दुसऱ्या देशात पुढे जाऊ शकत नव्हती. उत्तरेकडे जाणाऱ्यांनी सेर्बेरला आणि दक्षिणेकडे येणाऱ्यांनी पोर्तबोऊला उतरून गाडी बदलायची, ही रीत तेव्हा पडली आणि या जुन्या मार्गावर ती आजही चालू आहे. माणसांबरोबर मालही उतरवावा लागे, कागदपत्रे तपासावी लागत, जकात भरावी लागे. त्या कामांसाठी जकात अधिकारी, दलाल, हमाल, पोलीस आणि रेल्वेचे कर्मचारी इथे येऊन राहिले आणि डोंगराच्या घळीत चार-पाच मजली घरे चढत गेली.

स्थानकावर उतरल्यावर पहिली जाणीव होते ती प्रमाणाची. १९२९ मध्ये बार्सिलोनात भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाच्या निमित्ताने या स्थानकाला आजचे रूप देण्यात आले. फलाटांवर लोखंड आणि काचेचे प्रचंड छत आहे, लांबच लांब दालने आहेत, आणि तुमच्याबरोबर गाडीतून उतरलेली माणसे बोटांवर मोजता येतात. शेजारीच नवगॉथिक शैलीतले सांता मारिया चर्च आहे. तेही रेल्वेच्याच काळातले, आणि गावापेक्षा स्थानकाला अधिक चिकटून उभे आहे. तिथून खाली पाहिले की गाव, गोट्यांचा किनारा आणि पाण्याचा लहानसा अर्धगोल एका नजरेत येतो. स्थानक वर आणि वस्ती खाली, ही मांडणीच गाव कोणासाठी वसले ते सांगते.

पुढचा इतिहास उतरणीचा आहे. १९८६ मध्ये स्पेन युरोपीय समुदायात आला, १९९३ च्या आरंभी सदस्य देशांमधील जकात तपासणी संपली आणि या गावातील जकात दलालांचा व्यवसाय जवळजवळ एका रात्रीत नाहीसा झाला. १९९५ मध्ये शेंगेन करार अमलात आला आणि पारपत्र तपासणीची चौकीही रिकामी झाली. उरलेसुरले महत्त्व पेर्पिन्याँ ते फिगेरेस या अतिवेगवान मार्गाने नेले. २०१३ च्या डिसेंबरपासून पॅरिस ते बार्सिलोना थेट गाड्या धावू लागल्या, आणि त्या इथून बऱ्याच पश्चिमेला, पर्वताखालच्या वेगळ्या बोगद्यातून जातात. एके काळी गावाची लोकसंख्या आजच्या दुपटीहून अधिक होती. रस्त्यांवर अजूनही जकात कचेऱ्यांच्या जुन्या इमारती दिसतात.

गावाबाहेरचे लोक मुद्दाम इथे येतात ते दफनभूमीसाठी. जर्मन-ज्यू विचारवंत वाल्टर बेन्यामिन नात्सींच्या तावडीतून निसटण्यासाठी २६ सप्टेंबर १९४० रोजी फ्रान्समधील बान्यूल्स गावाहून डोंगर ओलांडून इथे पोहोचले. त्यांच्याकडे अमेरिकेचा व्हिसा होता, स्पेन आणि पोर्तुगालमधून जाण्याचे परवाने होते, परंतु फ्रान्स सोडण्याचा परवाना नव्हता. तो नसलेल्यांना परत पाठवण्यात येईल असे स्पॅनिश अधिकाऱ्यांनी सांगितले. त्या रात्री फोंदा दे फ्रांसिया या गावातील लहान हॉटेलात त्यांचा मृत्यू झाला. जवळच्या मॉर्फिनच्या गोळ्या घेऊन त्यांनी जीवन संपवले असे सर्वसाधारणपणे मानले जाते, तर दाखल्यावर मेंदूतील रक्तस्राव हे कारण नोंदवले गेले. ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. त्यांच्या बरोबरच्या मंडळींना नंतर पुढे जाऊ देण्यात आले. नोंदीत त्यांचे नाव आणि आडनाव उलटे लिहिले गेल्याने त्यांना कॅथलिक भागात जागा मिळाली. भिंतीतील तो कोनाडा पाच वर्षांसाठी भाड्याने घेतलेला होता आणि मुदत संपल्यावर अवशेष सामाईक कबरीत गेले. आज त्यांच्या नावाचा स्मृतिदगड आहे, पण त्याखाली ते नाहीत.

दफनभूमीच्या दारासमोर शिल्पकार दानी कारावान यांनी उभारलेले 'पॅसेजेस' हे स्मारक १९९४ मध्ये खुले झाले. गंजलेल्या लालसर पोलादाचा एक अरुंद, तिरपा बोगदा कड्यातून थेट समुद्राकडे उतरतो. आत पायऱ्या आहेत. प्रथम वर छत असते, मग ते संपते आणि डोक्यावर आकाशाची चिंचोळी पट्टी दिसू लागते. खाली पाण्याचा फेसाळ भोवरा दिसत असतो आणि आपण त्याच्या दिशेने उतरत राहतो, परंतु वाट पाण्यापर्यंत जात नाही. मध्येच एक जाड काच आडवी येते. तिच्यावर बेन्यामिन यांचेच एक वाक्य कोरलेले आहे. नामवंतांपेक्षा अनाम माणसांची स्मृती जपणे अधिक कठीण असते, आणि इतिहासाची उभारणी त्या अनामांच्या स्मृतीलाच वाहिलेली असते, अशा आशयाचे ते वाक्य आहे. तिथून मागे वळलो की वर प्रकाशाचा एक चौकोन दिसतो आणि त्याच वाटेने परत चढावे लागते. बहुतेक लोक एवढे पाहून परततात, पण स्मारक इथे संपत नाही. दफनभूमीला वळसा घालून वर गेले की एक ऑलिव्हचे झाड लागते, आणि त्याच्याही वर एक चौथरा आहे, जिथे बसायला घन आकाराचा दगड आणि समोर जाळीचे कुंपण आहे. कुंपणापलीकडे समुद्र मोकळा पसरलेला दिसतो. या जागी थांबल्याशिवाय खालच्या बोगद्याचा पूर्ण अर्थ लागत नाही, असे माझे मत आहे.

आता जाण्याविषयी. बार्सिलोनाच्या सांत्स स्थानकावरून जिरोना आणि फिगेरेसमार्गे प्रादेशिक गाडी थेट पोर्तबोऊला येते. साधारण अडीच तास धरावेत. फिगेरेसमध्ये दोन स्थानके आहेत हे लक्षात ठेवावे: अतिवेगवान गाड्यांचे फिगेरेस-व्हिलाफांत वेगळे आणि या जुन्या मार्गाचे वेगळे. काही गाड्या पुढे सेर्बेरपर्यंत जातात. गावात राहण्याच्या जागा थोड्या आहेत, उन्हाळ्यात त्या भरतात आणि हिवाळ्यात त्यातल्या काही बंद असतात. मे-जून किंवा सप्टेंबर हे महिने मला सर्वांत योग्य वाटतात.

रात्र काढण्याचा आग्रह यासाठी की दुपारच्या उन्हात स्मारकाचे पोलाद तापते, काचेवर प्रकाश परावर्तित होऊन अक्षरे नीट वाचता येत नाहीत आणि दिवसाच्या सहलीला आलेल्यांचा डोळा परतीच्या गाडीवर असतो. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिथे जाता येणे ही मुक्कामाची खरी मिळकत आहे.

---

रूळवाट

लेख अतिशय आवडला. रुळांच्या रुंदीविषयी थोडी भर घालतो, कारण या गावाचे अस्तित्वच त्या फरकावर उभे आहे.

फ्रान्सच्या स्वारीची भीती असल्यामुळे स्पेनने रूळ मुद्दाम रुंद ठेवले, ही गोष्ट अनेक प्रवासवर्णनांत येते. परंतु १८४४ मधील ज्या तज्ज्ञ अहवालाने ही रुंदी सुचवली, त्यातील विचार तांत्रिक होता: डोंगराळ देशात अधिक शक्तीचे इंजिन लागेल, त्यासाठी मोठा बाष्पक लागेल आणि मोठ्या बाष्पकासाठी रुंद पाया लागेल. सहा कास्तिली फूट, म्हणजे सुमारे १६७२ मिलिमीटर, ही रुंदी ठरली. पोर्तुगालशी मेळ घालण्यासाठी पुढे ती १६६८ करण्यात आली. फ्रान्सची रुंदी १४३५ मिलिमीटर आहे. आपल्या वाचकांना रस वाटेल असे म्हणजे १८५३ मध्ये मुंबई-ठाणे मार्गावर जी रुंदी वापरली गेली आणि जी आज भारतभर आहे, ती १६७६ मिलिमीटर. म्हणजे पोर्तबोऊच्या स्पॅनिश बाजूचे रूळ आणि आपल्या बोरीबंदरचे रूळ यांत अवघा आठ मिलिमीटरचा फरक आहे. टाल्गो या स्पॅनिश कंपनीचे डबे २०१६ मध्ये चाचणीसाठी भारतात आले आणि दिल्ली-मुंबई मार्गावर धावले, त्यालाही हे साधर्म्य उपयोगी पडले.

याच कंपनीने चाकांमधील अंतर बदलता येणारे डबे तयार केले. १९६९ मध्ये बार्सिलोना-जिनेव्हा अशी 'कातालान टाल्गो' सुरू झाली आणि सीमेवरच्या एका विशेष यंत्रणेतून ती सावकाश पुढे सरकत असताना चाकांचे कुलूप निघून, अंतर बदलून, पुन्हा बसू लागले. प्रवाशांना जागेवरून उठावेही लागत नसे. एका अर्थाने पोर्तबोऊची गरज संपण्याची सुरुवात तेव्हाच झाली.

त्याआधीच्या काळातील एक गोष्ट सेर्बेरची आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. व्हॅलेन्सियाकडून येणारी संत्री स्पॅनिश वाघिणींतून फ्रेंच वाघिणींत हलवण्याचे काम गावातील स्त्रिया करत. डोक्यावर टोपल्या घेऊन दिवसभर ही ने-आण चाले. मजुरीसाठी या स्त्रियांनी १९०६ मध्ये संप केला. फ्रान्समधील स्त्री कामगारांच्या आरंभीच्या संपांमध्ये त्याची गणना होते. मालगाड्यांच्या यार्डाकडे पाहताना मला ती माणसे आठवतात, कारण दोन देशांमधील तो अडीचशे मिलिमीटरहूनही कमी फरक प्रत्यक्षात त्यांच्या मानेवरून वाहिला गेला.

---

निशिगंध

माहितीबद्दल आभारी आहे. एक व्यावहारिक शंका विचारते. आमच्याकडे या भागासाठी एकच मोकळा दिवस आहे, बरोबर दहा आणि चौदा वर्षांची मुले आहेत. अशा वेळी कादाकेस आणि काप दे क्रेउस सोडून पोर्तबोऊ निवडणे योग्य ठरेल का? निसर्गसौंदर्याच्या दृष्टीने दोन्हींची तुलना कशी कराल?

---

सागरवेळ (धागाकर्ता)

@निशिगंध, निसर्गसौंदर्य हाच निकष असेल तर कादाकेस निःसंशय उजवे आहे, आणि काप दे क्रेउसचे वाऱ्याने कोरलेले खडक मुलांना फार आवडतील. पोर्तबोऊचा किनारा लहान आणि गोट्यांचा आहे, पाणी स्वच्छ असले तरी वाळूत खेळण्याची सोय नाही. पण कादाकेसला रेल्वे नाही. फिगेरेसहून घाटरस्त्याने बसने जावे लागते आणि उन्हाळ्यात गर्दी बरीच असते.

चौदा वर्षांच्या मुलाने शाळेत दुसरे महायुद्ध वाचलेले असेल. त्याला कारावान यांच्या बोगद्यातून उतरू द्यावे आणि त्यानंतरच ती हकीकत सांगावी, असे मी सुचवेन. दहा वर्षांच्या मुलाला स्थानक आणि एका गाडीने पाच मिनिटांत बोगदा ओलांडून दुसऱ्या देशात पोहोचणे याचे अप्रूप अधिक वाटेल. तुमचा एकच दिवस असेल तर सकाळी फिगेरेसचे संग्रहालय आणि दुपारनंतर पोर्तबोऊ असे जमू शकेल, कारण दोन्ही एकाच रेल्वेमार्गावर आहेत आणि मध्ये अर्ध्या तासाचेच अंतर आहे. शेवटच्या परतीच्या गाडीची वेळ आधी पाहून ठेवावी.

---

काळ्यामातीचा

लेखाशी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. पोर्तबोऊविषयी जे लिहिले जाते ते जवळजवळ सगळे बेन्यामिन यांच्याभोवती फिरते, आणि आपलाही लेख त्याला अपवाद नाही. त्यांच्या मृत्यूच्या दीड वर्ष आधी याच डोंगरातून, उलट दिशेने, म्हणजे स्पेनमधून फ्रान्सकडे, लाखो माणसे चालत गेली. स्पेनच्या यादवी युद्धात कातालोनिया (बार्सिलोनासह हा सारा प्रदेश) पडल्यावर जानेवारी-फेब्रुवारी १९३९ मध्ये साडेचार ते पाच लाखांच्या दरम्यान स्त्री-पुरुष आणि मुले सीमेपलीकडे गेली. स्पॅनिश लोक या घटनेला 'रेतिरादा' म्हणतात. त्यांच्या मुख्य वाटांपैकी एक पोर्तबोऊवरून जाणारी होती. सीमेवरचे रेल्वेस्थानक म्हणून हे गाव त्याआधी बाँबहल्ल्यांनी भाजून निघालेले होते.

फ्रान्सने २७-२८ जानेवारीच्या रात्री सीमा प्रथम नागरिकांसाठी उघडली, सैनिकांना ५ फेब्रुवारीपासून आत घेतले, आणि आत आल्यावर यांपैकी बहुसंख्यांना आर्जेलेस आणि सँ-सिप्रियाँ इथल्या उघड्या वाळूवर काटेरी तारांच्या आत ठेवले. भर हिवाळ्यात, सुरुवातीला डोक्यावर छप्परही नव्हते. कवी आंतोनियो माचादो आपल्या वृद्ध आईसह याच वाटेने गेले आणि कोलिऊर गावात २२ फेब्रुवारी १९३९ रोजी वारले. तीन दिवसांनी त्यांची आईही गेली.

म्हणून पोर्तबोऊला जाणाऱ्याने दफनभूमीइतकाच वेळ गावावरच्या कोल देल्स बेलित्रेस या खिंडीला द्यावा. उंची जेमतेम १६५ मीटर आहे, आणि वळणाच्या रस्त्याने तासाभरात चढून जाता येते. तिथे रिकामी पडलेली सीमाचौकी आहे, आणि त्या दिवसांत काढलेली छायाचित्रे फलकांवर लावलेली आहेत. गाठोडी, ढकलगाड्या, कुबड्यांवर चालणारे जखमी सैनिक आणि मागे हाच समुद्र. छायाचित्रातील वळण आणि आपण उभे असलेले वळण एकच आहे हे लक्षात आल्यावर वेगळे काही सांगावे लागत नाही.

---

सागरवेळ (धागाकर्ता)

@काळ्यामातीचा, आपला मुद्दा मोलाचा आहे आणि या धाग्याला त्याची आवश्यकता होती. मला मात्र स्मारक आणि खिंड यांच्यात विरोध दिसत नाही. कारावान यांनी काचेसाठी निवडलेले वाक्य अनामांविषयीचे आहे, आणि एका नामवंताच्या स्मारकावर ते कोरण्यामागे हाच विचार असावा असे मला वाटते. माझ्या मते खिंड आधी आणि दफनभूमी नंतर हा क्रम सर्वांत चांगला आहे. सकाळी खिंडीत जाऊन लोक कुठून कुठे गेले हे डोळ्यांनी पाहावे, आणि संध्याकाळी ते वाक्य वाचावे. मग त्यातले 'अनाम' कोण हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

ज्यांना ही वाट पुढेपर्यंत अनुभवायची आहे त्यांनी सेर्बेरहून फ्रेंच गाडी पकडून कोलिऊरला अवश्य जावे. माचादो आणि त्यांच्या आईची कबर स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि लोक अजूनही तिथे फुले आणि पत्रे ठेवून जातात. त्याच मार्गावर पुढे आर्जेलेस लागते. सेर्बेरला उतरलात तर रुळांच्या वर उभे असलेले जहाजाच्या आकाराचे बेल्व्हेदेर द्यु रेयाँ व्हेर हे हॉटेल बाहेरून तरी पाहावे. गाडी बदलणाऱ्या प्रवाशांसाठी १९२८ ते १९३२ या काळात ते बांधले गेले.

---

मांडवीकाठ

गोव्याचा असल्याने गाडी बदलण्याचा आणि जकातीचा हा वृत्तान्त वाचताना कुळे आणि कॅसलरॉक ही स्थानके आठवली. १९६१ पूर्वी गोवा पोर्तुगीजांकडे असताना घाटाखाली कुळ्याला पोर्तुगीज तपासणी आणि घाटावर कॅसलरॉकला ब्रिटिश, पुढे भारतीय तपासणी होत असे. आमच्या घरातील वडीलधारी माणसे सामान उघडून दाखवावे लागण्याच्या त्या प्रसंगांविषयी बोलत. सीमा गेली आणि त्या स्थानकांचे महत्त्वही उतरले. पोर्तबोऊ पाहण्याची इच्छा या धाग्यामुळे निर्माण झाली, त्याबद्दल आभार.

---

डोंगरधार

ज्यांचे पाय धडधाकट आहेत त्यांनी बान्यूल्स ते पोर्तबोऊ ही डोंगरवाट चालावी, असे मी आग्रहाने सांगेन. बेन्यामिन ज्या मार्गाने आले त्यालाच आज त्यांचे नाव दिलेले आहे. लांबी साधारण पंधरा किलोमीटर, सर्वोच्च जागा पाचशे मीटरच्या वर, आणि विश्रांती धरून सहा तास लागतात. सह्याद्रीत नियमित भटकणाऱ्यांना चढण अवघड वाटणार नाही. सुरुवातीला बान्यूल्सचे द्राक्षमळे आहेत, शिस्ट या खडकाच्या पातळ कपच्यांनी बांधलेले बांध आहेत, आणि मग झुडपांचा उघडा डोंगर. माथ्यावर पोहोचल्यावर मागे फ्रान्सचा आणि पुढे स्पेनचा किनारा एकाच वेळी दिसतो.

ही वाट बान्यूल्सचे तेव्हाचे महापौर व्हँसाँ अझेमा यांनी लिसा फिट्को यांना समजावून सांगितली होती. लिसा स्वतःही नात्सींपासून पळालेल्या होत्या, आणि बेन्यामिन यांच्या गटाला त्यांनीच वाट दाखवली. बेन्यामिन यांना हृदयविकार होता. दहा मिनिटे चालायचे आणि एक मिनिट थांबायचे असा नेम त्यांनी घड्याळ पाहून पाळला, असे लिसा यांनी पुढे लिहून ठेवले आहे. सोबत एक जड काळी बॅग होती आणि तिच्यातले हस्तलिखित आपल्या जिवाहून अधिक मोलाचे आहे, असे ते म्हणत. ते हस्तलिखित कधीच सापडले नाही. लिसा आणि त्यांचे पती हान्स यांनी त्यानंतरचे कित्येक महिने या वाटेने अनेकांना पलीकडे पोहोचवले. चालताना आम्हीही काही अंतर तो दहा मिनिटे आणि एक मिनिटाचा नेम पाळून पाहिला. एवढ्या सावकाश गतीने तो चढ पार करायला किती निग्रह लागला असेल, याची कल्पना त्यामुळे आली.

सूचना तीन आहेत आणि तिन्ही महत्त्वाच्या. वाट फ्रान्सकडून स्पेनकडेच चालावी, कारण उतरताना पोर्तबोऊचे स्थानक आणि समुद्र समोर दिसत राहतो. पाणी पुरेसे बरोबर न्यावे, वाटेत सावली जवळजवळ नाही. आणि वाऱ्याचा अंदाज पाहिल्याशिवाय निघू नये. त्रामुंताना हा उत्तरेचा कोरडा वारा इथे ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने वाहू शकतो आणि माथ्यावर उभे राहणेही कठीण होते. उन्हाळ्यात हाच वारा वणवे पसरवतो. ऑगस्ट २०२३ मध्ये पोर्तबोऊच्या डोंगरात मोठा वणवा लागला तेव्हा रस्ता आणि रेल्वे दोन्ही बंद ठेवावी लागली होती. वणव्याच्या धोक्यामुळे वाट बंद असल्याचा फलक दिसला तर तिथूनच परत फिरावे.

---

तुलूझकर

मी बऱ्याच काळापासून दक्षिण फ्रान्समध्ये राहते आणि या मार्गाने येणे-जाणे असते, म्हणून कागदपत्रांविषयी लिहिते. दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात असल्याने भारतीय पारपत्रधारकाला सीमा ओलांडण्यासाठी वेगळा व्हिसा लागत नाही, आणि एकदाच प्रवेशाची मुभा असलेला व्हिसाही चालतो, कारण हा प्रवास क्षेत्राच्या आतला आहे. व्हिसाचा अर्ज ज्या देशात अधिक दिवस राहणार त्याच्याकडे करायचा असतो.

तरीही पारपत्र हॉटेलात ठेवून सेर्बेरला जाऊ नये. २०१५ पासून फ्रान्सने अंतर्गत सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केलेली आहे, आणि सेर्बेर स्थानकावर पोलीस गाडीत चढून ओळखपत्रे पाहतात हा माझा नेहमीचा अनुभव आहे. आपल्यासारख्या दिसणाऱ्या प्रवाशांना बहुधा विचारले जातेच. मूळ पारपत्र दाखवले की दोन मिनिटांत काम होते, भ्रमणध्वनीतील छायाचित्रावर मात्र अवलंबून राहू नये. सीमा संपल्या असे आपण म्हणतो, पण त्या गाडीतून उतरवली जाणारी आफ्रिकी मुले मी अनेकदा पाहिली आहेत. वर उल्लेख झालेल्या खिंडीतील फलक पाहून आलेल्या माणसाला ते दृश्य साधे वाटत नाही.

---

अबोली_ठाणे

आम्ही शाकाहारी आहोत आणि आई-वडील सत्तरीच्या पुढचे आहेत. जेवणाची आणि चढ-उताराची अडचण कितपत येईल, हे कृपया सांगावे. दोघांचीही जाण्याची इच्छा प्रबळ आहे, वडिलांनी आयुष्यभर रेल्वेत नोकरी केली आहे.

---

सागरवेळ (धागाकर्ता)

@अबोली_ठाणे, जेवणाची व्यवस्था होते, पण निवड थोडी आहे. टोमॅटो चोळलेला पाव जवळजवळ सर्वत्र मिळतो. भाजलेल्या वांग्या-ढोबळी मिरचीची एस्कालिवादा आणि बेदाणे-चिलगोजे घातलेला पालक हे पदार्थ मिळाले तर अवश्य घ्यावेत. एस्कालिवादावर बरेचदा अँकोव्ही मासा ठेवतात, तो नको असे मागवतानाच सांगावे. भाज्यांच्या पदार्थांतही हॅमचे तुकडे असू शकतात. दुपारचे जेवण एक ते साडेतीन आणि रात्रीचे साडेआठनंतर, या वेळा इथे कसोशीने पाळल्या जातात. ज्येष्ठांना मधल्या वेळेत भूक लागते, म्हणून फळे, दही आणि पाव दुकानातून आधीच घेऊन ठेवावेत. रविवारी दुपारनंतर दुकाने बंद असण्याची शक्यता धरून चालावे.

चढ-उताराविषयी स्पष्ट सांगतो. स्थानकातून गावात उतरायला पायऱ्या आणि उताराचा रस्ता आहे, त्यामुळे मोठ्या बॅगा आणू नयेत. दफनभूमीपर्यंतचा रस्ता चांगला आहे, वाहन थेट दारापर्यंत जाते, आणि पायी गेल्यास दमाने चढून पंधरा-वीस मिनिटे लागतात. कारावान यांच्या बोगद्यातील पायऱ्या मात्र अरुंद आणि उताराच्या आहेत, आणि जितके उतरू तितके परत चढावे लागते. गुडघ्यांचा त्रास असेल तर वरच्या तोंडाशी उभे राहूनही खालचा समुद्र त्या चौकटीत दिसतो. दफनभूमीच्या आत फिरणे सोपे आहे. त्रामुंताना वाहत असेल त्या दिवशी त्यांना कड्याकडे नेऊ नये. खिंडीत जायचे असेल तर टॅक्सी आदल्या दिवशी राहण्याच्या ठिकाणीच सांगून ठरवावी, गावात ती सहज उभी नसते.

आपल्या वडिलांसाठी स्थानकावर भरपूर वेळ राखून ठेवावा. एका बाजूला स्पॅनिश आणि दुसऱ्या बाजूला फ्रेंच रुंदीचे रूळ त्यांना एकाच छताखाली पाहता येतील. @रूळवाट यांनी दिलेले आकडे त्यांना आधीच वाचून दाखवावेत. सेर्बेरला जाणारी गाडी दिवसातून मोजक्याच वेळा असते, म्हणून त्या फेरीचे वेळापत्रक आदल्या संध्याकाळी स्थानकावरच पाहून घ्यावे आणि सेर्बेरहून परत येणारी गाडी कोणती हेही त्याच वेळी लिहून घ्यावे.